रस्त्यावर दहा किलोमीटर जमतं, मग सिंहगडावर दहा मिनिटांत दम का लागतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर येणाऱ्या वाचकांनाही संदर्भ लागेल. वय 38. रस्त्यावर 10 किलोमीटर 62 मिनिटांत होतात, एक हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) दोन तास वीस मिनिटांत झालेली आहे. नोव्हेंबरअखेर 21 किलोमीटरची डोंगरी शर्यत आहे, एकूण चढ 900 मीटर, त्यात उतरायचं मनात आहे. म्हणून गेल्या रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगड पळत चढायला गेलात. दहा मिनिटांत दम लागला, पुढे चालतच वर पोचलात. ती कसर उतरताना भरून काढायची म्हणून खाली मात्र पळत आलात, आणि नंतर चार दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. आता विचारताय, दम कसा वाढवू, बूट कोणते घेऊ आणि शर्यतीची फी भरू का?

तिन्हींची उत्तरं देते. पण तुम्हाला जो प्रश्न मोठा वाटतोय, तो दमाचा, तो खरं तर सगळ्यात लहान आहे. तुम्हाला दम लागला हे बरोबरच झालं. चुकलं ते उतारावर. रस्त्यावरून डोंगरात येणारे बहुतेक जण इथेच फसतात, कारण चढताना त्रास होतो आणि तो लगेच कळतो. उताराचा त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना कळतो.

आधी दमाचा हिशेब मिटवून टाकू. आतकरवाडीची वाट साधारण पावणेतीन किलोमीटर आणि चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी वीस टक्के चढ, दर शंभर मीटर अंतराला वीस मीटर उंची. व्यायामशास्त्रात चालण्या-पळण्याला लागणाऱ्या ऑक्सिजनचा अंदाज काढायची साधी सूत्रं आहेत. ती लावली तर वीस टक्के चढावर ताशी 4.2 किलोमीटर वेगाने नुसतं चालायलाही तेवढाच ऑक्सिजन लागतो, जेवढा तुम्हाला 62 मिनिटांत 10 किलोमीटर पळताना सपाटीवर लागतो. त्या वेगाने वर गडाच्या पुणे दरवाजाला पोचायला चाळीसेक मिनिटं लागतात. म्हणजे चाळीस मिनिटांत सिंहगड चालत चढणं ही तुमच्यासाठी शर्यतीइतक्या जोराची मेहनत झाली. तुम्ही त्याच्याही वर पळायला गेलात, म्हणून दहा मिनिटांत फुप्फुसं तोंडाशी आली. आणि हा हिशेब ट्रेडमिलसारख्या गुळगुळीत चढाचा आहे. दगड, उंच पायऱ्या, रविवारची गर्दी हे सगळं वेगळं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तीव्र चढावर चालणं म्हणजे हार मानणं नव्हे. डोंगरी शर्यतींत पुढे असणारेही कडक चढावर चालतात, कारण पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे आपल्यासारख्यांना पळून वेग फारसा वाढत नाही आणि नाडी मात्र वाढते. दुसरी, घड्याळातला ‘मिनिटं प्रति किलोमीटर’ हा आकडा डोंगरात काही दिवस झाकून ठेवा. त्याऐवजी बोलण्याची कसोटी लावा. चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर सोपा जोर, तीन-चार शब्दांवर तुटायला लागलं तर मध्यम, एका शब्दावर आलं की थांबा नाहीतर वेग कमी करा. पहिले दोन महिने तुमचा जवळजवळ सगळा चढ पूर्ण वाक्याच्या जोरात झाला पाहिजे. तुमच्या बाबतीत सिंहगडाला मग पंचावन्न मिनिटं ते तास लागेल. लागू दे.

चालण्यातही पद्धत आहे. पावलं आखूड, टाच शक्यतो टेकलेली, म्हणजे पोटरीवर सगळा भार येत नाही. कमरेतून न वाकता घोट्यापासून किंचित पुढे झुकायचं. उंच पायरी आली की हात मांडीवर गुडघ्याच्या जरा वर ठेवून ढकलायचं. गुडघ्याच्या वाटीवर मात्र हात ठेवू नका. उंच दगडावर एका ढांगेत चढण्यापेक्षा शेजारचा लहान दगड शोधून दोन पावलांत चढा. वर जाईपर्यंत असे शंभर-दीडशे मोठे उठाव वाचतात.

आता उतार.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. या ताणत-ताणत अडवण्याच्या कामात ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून दम लागत नाही आणि आपल्याला वाटतं की आपण ताजेतवाने आहोत. पण स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा सर्वांत जास्त याच कामात होते. दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं आणि चार-पाच दिवसांत ओसरतं. तुमचे चार दिवस अगदी या हिशेबात बसतात. सपाट रस्त्यावर तुम्ही कितीही किलोमीटर काढले असलेत तरी या कामाची सवय त्यातून होत नाही.

चांगली बातमी अशी की ही सवय लवकर लागते. उताराचा एक सौम्य डोस पडला की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारावर पाय बरेच कमी दुखतात आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे उतार हा औषधासारखा मोजून घ्यायचा. तुम्ही पहिल्याच दिवशी साडेपाचशे मीटर उतार पळत घेतलात. माझ्याकडे नवीन येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी एकूण शंभर ते दीडशे मीटर उतार देते, तोही निम्मा चालत. दोन दिवसांनी मांड्या थोड्या जाणवल्या पाहिजेत, पण जिना सरळ उतरता आला पाहिजे. पुढचा डोस ठरवायला ही जिन्याची कसोटी पुरते.

तंत्राचंही तसंच. उतारावर घाबरलेला माणूस मागे रेलतो, पाय पुढे टाकतो आणि टाचेवर उतरतो. तिथे तीन गोष्टी एकदम बिघडतात. गुडघा जवळजवळ सरळ असताना धक्का बसतो, मांडीला जास्त ब्रेक मारावा लागतो, आणि टाचेखालचा मुरूम सरकला की माणूस पाठीवर किंवा हातावर पडतो. मनगटाची हाडं अशीच मोडतात. करायचं याच्या उलट. पावलं आखूड आणि भरभर, पाऊल कमरेच्या जवळपास खाली पडलं पाहिजे. गुडघे कायम थोडे वाकलेले. छाती उताराकडे, म्हणजे अंग उताराशी साधारण काटकोनात. हात बाजूला पसरलेले, कोपरं मोकळी, तोल सांभाळायला. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे. मेंदूला पुढची तीन-चार पावलं आधी दिसली तर पाय आपोआप जागा शोधतात. वेग वाढतोय असं वाटलं तर एकदम ब्रेक मारू नका, पावलं आणखी आखूड करा किंवा वाट रुंद असेल तर थोडं नागमोडी उतरा.

हे शिकायला सिंहगड योग्य जागा नाही, निदान रविवारी सकाळी तरी नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडी, तळजाई, बाणेरची टेकडी यांपैकी घराजवळची एक निवडा. पाच ते दहा टक्के उताराचा, मोठे दगड नसलेला शंभर-दीडशे मीटरचा तुकडा शोधा. चालत वर, हळू पळत खाली, असं सहा वेळा. प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. पहिल्या दोन फेऱ्यांत पावलांचा आवाज ऐका. ‘धप्प धप्प’ येत असेल तर पाऊल पुढे पडतंय. पुढच्या दोनमध्ये नजर, शेवटच्या दोनमध्ये हात. पंधरा दिवसांत आवाज बदललेला कळतो.

जमिनीचे प्रकार ओळखणं हा याचा दुसरा अर्धा भाग. आपल्या सह्याद्रीत चार गोष्टी पाडतात. कडक पृष्ठभागावरचा सुटा मुरूम, म्हणजे फरशीवर सांडलेला साबुदाणा. त्यावर पाय सपाट आणि अलगद टाकायचा, वळण घ्यायचं नाही, ब्रेक मारायचा नाही. वळायचं असेल तर मुरूम संपल्यावर किंवा रुतलेल्या दगडावर वळा. दुसरा शेवाळलेला कातळ. हिरवं किंवा काळपट चकाकणारं दिसलं की चालायला लागा, आणि उतार असेल तर बसून उतरायलाही लाजू नका. बूट कितीही महाग असला तरी ओल्या शेवाळावर धरत नाही. तिसरं वाळकं गवत. पावसाळ्यानंतर गवत सुकून उताराच्या दिशेने आडवं होतं, आणि डिसेंबरनंतर त्यावरून पाय सुळकन जातो. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण गवत दिसायला मऊ. चौथी, आणि तुमच्या आत्ताच्या दिवसांत सर्वांत महत्त्वाची, सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं गुडघाभर उंच हिरवं गवत, ज्याच्याखाली दगड, खड्डा, प्रसंगी फुरसं किंवा घोणसही असू शकतं. पाय कुठे पडतोय हे दिसत नसेल तिथे पळायचं नाही, इतका साधा नियम ठेवा.

गुडघ्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ‘पाय दुखले’ या दोन शब्दांत तीन-चार वेगळी दुखणी लपलेली असतात. दोन्ही मांड्या सारख्याच, गुडघ्याच्या वर, दाबल्यावर आणि जिना उतरताना दुखत असतील तर तो स्नायूंचा ताण, तो जातो. हलकं चालत राहा, झोप घ्या, तेवढ्या दिवसांत पळू नका. दुखणं एकाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि उतारावर ठरावीक अंतरानंतर टोचायला लागत असेल, तर मांडीच्या बाहेरून जाणारा पट्टा तक्रार करतोय. उताराचं प्रमाण निम्म्यावर आणा आणि कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा. वाटीच्या मागे किंवा भोवती, बसून उठताना दुखत असेल तर बहुतेक वेळा उतार आणि पायऱ्या एकदम वाढवल्याचा परिणाम असतो. पण सूज आली, गुडघा अडकला, आपोआप लचकला किंवा रात्री ठणकायला लागला तर इथे विचारत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. घोटा मुरगळला आणि लगेच चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर तीव्र दुखलं, तर एक्स-रे काढल्याशिवाय ‘फक्त मुरगळलाय’ असं ठरवू नका.

आणखी एक खुलासा. तुम्ही रक्तदाब, मधुमेह, घरातली हृदयविकाराची हकीकत याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. यातलं काही असेल, किंवा चढताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं कधी झालं असेल, तर पुढचं सगळं डॉक्टरांना दाखवून झाल्यावर वाचा. रस्त्यावर हाफ मॅरेथॉन झाली याचा अर्थ तपासणी झाली असा होत नाही.

आता शर्यतीपर्यंतच्या तेरा आठवड्यांचं बघू. आज ऑगस्टचा शेवटचा आठवडा आहे, तेव्हा वेळ पुरेसा आहे, पण उधळण्याइतका नाही. डोंगरी अंतर मोजायला एक सोयीचं माप आहे. इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशन शर्यतींची वर्गवारी करताना किलोमीटरमध्ये चढाचे मीटर भागिले 100 मिळवते. तुमची शर्यत 21 अधिक 9, म्हणजे सपाटीच्या तीस किलोमीटरइतकी. तुमच्या हाफ मॅरेथॉनच्या वेगाने हे तीन तास वीस मिनिटं होतात. खडबडीत वाट आणि थकवा धरला तर साडेतीन ते चार तास धरा. याच मापाने तुमची रविवारची सिंहगड फेरी, वर-खाली मिळून साडेपाच किलोमीटर दिसत असली तरी अकराच्या आसपास जाते. उताराचं ओझं या मापात मोजलंच जात नाही, ते वेगळं.

आठवड्याला तीन पळणं पुरे. त्यातली दोन रस्त्यावर, सोप्या वेगात, 6 ते 8 किलोमीटर. एक टेकडीवर. आणि दोन दिवस वीस-वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. टेकडीच्या दिवसाचा हिशेब किलोमीटरात न ठेवता चढ-उताराच्या मीटरमध्ये ठेवा. पहिल्या आठवड्यात 150 मीटर, मग 200, मग 300, चौथ्या आठवड्यात परत 150 वर या. पुढच्या चक्रात 350, 450, 550 आणि परत 250. तिसऱ्या चक्रात 600, 700 आणि एकदा 800 पर्यंत. शेवटचा आठवडा जवळजवळ मोकळा. उतारातला पळत घेतलेला भाग पहिल्या चक्रात निम्मा, दुसऱ्यात दोन तृतीयांश. जिन्याची कसोटी नापास झाली की आकडा न वाढवता तोच आठवडा पुन्हा. वेताळ टेकडीला कुठून चढता त्यावर एका फेरीत शंभर ते दोनशे मीटर मिळतात, तेव्हा 450 साठी तीन-चार फेऱ्या लागतील. कंटाळवाणं आहे, मान्य. पण त्याच टेकडीवर फेऱ्या मारण्याचा फायदा असा की काही झालं तरी रस्ता वीस मिनिटांवर असतो.

मुंबईकर वाचकांसाठी आणि पावसात टेकडी बंद पडेल तेव्हा तुमच्यासाठीही एक जुगाड आहे, तो म्हणजे इमारतीचा जिना. एक मजला साधारण तीन मीटर, दहा मजले म्हणजे तीस मीटर. लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने खाली यायचं. लोक उलटं करतात, चालत वर आणि लिफ्टने खाली, त्याने दम वाढतो पण उताराची तयारी होत नाही. दहा मजल्यांच्या पाच फेऱ्या म्हणजे दीडशे मीटर उतार, मोजून-मापून, कोरड्या जमिनीवर. धावू नका, पायऱ्या गाळू नका, दर वळणाला कठड्याची बाजू बदला, नाहीतर एकाच पायावर फिरणं होतं.

ताकदीच्या व्यायामांत मी तीनच गोष्टी सोडू देत नाही. पहिली, पायरीवरून हळू उतरणं. पंधरा-वीस सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरी टाच तीन-चार सेकंद घेत खाली जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. एका पायाला आठ, तीन वेळा. गुडघा आत झुकत असेल तर पायरी लहान घ्या, आरशासमोर करा. दुसरी, पोटरी. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून वर उठायचं आणि टाच पायरीच्या खालपर्यंत हळू सोडायची, पंधरा वेळा गुडघा सरळ ठेवून, पंधरा वेळा थोडा वाकवून. तिसरी, तोल. दात घासताना एका पायावर उभं राहा, अर्ध्या मिनिटाने पाय बदला. सोपं वाटायला लागलं की उशीवर उभं राहा. घोटा मुरगळणं थकल्यावर होतं, तेव्हा महिनाभरानंतर हे पळून आल्यावर करायला लागा.

बुटांचं थोडक्यात. कोरड्या टेकडीवर पहिले चार-सहा आठवडे तुमचे रस्त्याचे बूट चालतील, तळ घासून गुळगुळीत झालेला नसला म्हणजे झालं. डोंगरी बूट घेताना तळाची नक्षी तीन ते पाच मिलिमीटर खोल बघा. त्याहून खोल नक्षी चिखलात चांगली, पण आपल्या कातळावर डगमगते. रबर किती धरतं हे दुकानात ओल्या फरशीवर उभं राहून थोडंफार कळतं. संध्याकाळी पाय सुजलेला असताना, पळायचे मोजे घालून, उतारावर उभं राहून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. त्यावर अर्धा उपाय बांधण्यात आहे. बुटाच्या सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस त्याच बाजूला ओवून लहान फास करा, समोरची लेस त्यातून काढून मग गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते आणि पाय पुढे सरकत नाही. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कडक पट्टी असलेले, रस्त्याचे बूट मात्र घरी ठेवा. उंच, मऊ तळामुळे दगडावर घोटा सहज वळतो.

पाणी आणि खाणं. सव्वा तासापर्यंतच्या पळण्याला पाणी पुरतं. त्यापुढे तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, चार-पाच साध्या खजुरांत तेवढेच. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू चालतो, पण चढताना कोरडा लाडू घशात अडकतो, तेव्हा सपाटीवर खा. नवीन काही शर्यतीच्या दिवशी खाऊ नका. पाणी हवेप्रमाणे तासाला 400 ते 700 मिलिलिटर. तुमचा आकडा नेमका काढायचा असेल तर पळण्याआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय. तेही धोक्याचं आहे, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच कालवा. मोठं एक लिटरचं असतं आणि लहान 200 मिलिलिटरचं, आणि लोक मोठं पाकीट अर्ध्या बाटलीत ओततात, मग पोट बिघडतं. वर पोचून पिठलं-भाकरी आणि कांदाभजी हाणून पळत उतरणं हा प्रकारही बघितलेला आहे. ज्यांना भजी खायची त्यांनी खुशाल खावी, पण मग निवांत चालत खाली यावं.

ऑक्टोबरचं ऊन हलक्यात घेऊ नका. तुमच्या तयारीचे बरेच जड आठवडे त्यातच येतात. साडेसहाला सुरू करा आणि साडेनऊच्या आत खाली या. सोबतचा माणूस बडबडायला लागला, असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो नुसता थकलेला नाही, उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपड्यांवर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत ओलं फडकं ठेवा आणि 108 ला फोन लावा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. याच महिन्यात दुपारनंतर गडगडाट करत येणारा पाऊसही असतो. विजा दिसल्या की पठार आणि सोंडेची धार सोडून खाली यायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. पावसाळा संपेपर्यंत निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर त्या दिवशी जिना.

एकट्याने जायचं असेल तर मळलेल्या वाटेवरच जा. पळताना फाटे सुटतात, आणि गुरांच्या वाटा इतक्या छान मळलेल्या असतात की माणूस त्यांवरून थेट एखाद्या घळीच्या तोंडाशी जातो. घरी कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन येईल हे सांगून ठेवा. शिट्टी, क्रेप बँडेज, पूर्ण चार्ज केलेला फोन, आणि पहाटे निघणार असाल तर डोक्याला लावायची बॅटरी. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक शोधून फोनमध्ये ठेवा. कुत्री मागे लागली तर पळणं थांबवून चाला. आग्या मोहोळ असलेल्या कड्याजवळ अत्तर, बॉडीस्प्रे मारून जाऊ नका. आणि अरुंद वाटेवर चढणाऱ्याचा हक्क पहिला. डोक्यावर मोळी किंवा ताकाचं भांडं घेतलेल्या मावशींना तर बाजूला उभं राहूनच वाट द्यायची, मागून ‘साइड, साइड’ ओरडत नव्हे.

राहिली फी. माझं मत, आत्ता भरू नका. आठव्या आठवड्याच्या शेवटी, त्या आठवड्याचा 250 मीटरचा हलका डोस घेण्याऐवजी एक चाचणी घ्या. 12 किलोमीटर, 500 मीटर चढ-उतार, सगळा चढ चालत, उतार निम्म्याहून जास्त पळत. तिसऱ्या दिवशी जिना कठड्याशिवाय उतरता आला आणि एकाच गुडघ्यात टोचणं नसलं तर 21 ची फी भरा. जमलं नाही, किंवा मधले दोन-तीन आठवडे कामात, तापात बुडाले, तर त्याच शर्यतीचं 10 किलोमीटरचं अंतर असेल ते घ्या. उशिरा भरल्याने शे-दोनशे जास्त जातील, फिजिओथेरपीपेक्षा स्वस्तच. तोवर आयोजकांनी दिलेला उंचीचा आलेख इथे टाका. 900 मीटर चढ पहिल्या आठ किलोमीटरमध्येच संपून शेवटी लांब उतार आहे, की चार-पाच लहान टेकड्यांत वाटलेला आहे, यावर तिसऱ्या चक्रातले मोठे दिवस कसे लावायचे हे ठरेल. पहिल्या प्रकारात सिंहगड वर-खाली एकदा, आठवड्यातल्या कमी गर्दीच्या दिवशी, कोरडी वाट बघून करावा लागेल. दुसऱ्या प्रकारात त्याची गरजच पडणार नाही.